फुटाला किती पडेल?

कुंपणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : फुटाला किती पडेल? विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो आणि सांगणाराही तो देऊन मोकळा होतो. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराला कुंपण घालायचं ठरलं तेव्हा हा आकडा काकांनी सांगितला आणि आईने तो मान्य केला नाही. काका बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते. निवृत्तीनंतर पुण्यात असतात. आई हायस्कुलात इतिहास शिकवायची. बाबा गेल्यावरही ती गावीच राहिली, आणि घरखर्चाची वही अजून रोज लिहिते. दोघंही हिशेबाला पक्की, त्यामुळे वाद चांगला दोन संध्याकाळी पुरला. जागा दहा गुंठे. समोर रस्ता, मागे पऱ्या (ओढा), पूर्वेला शेजाऱ्यांचं आगर, पश्चिमेला पाखाडी (पायवाट). पुढचं बोलणं बरंचसं त्यांच्याच शब्दांत आहे. मधे कुठे कुठे मी नाक खुपसलं आहे.

काका : वहिनी, सरळ चिऱ्याचं कंपाउंड घालून टाकू. चार फूट उंच, वर कोपिंग. फुटाला नऊशे धरा. गेटची जागा वगळून साडेचारशे फूट होतात. चार लाख पाच हजार. गेट वेगळं. एकदाच काय तो खर्च, पुन्हा त्याच्याकडे बघायला नको.

आई : साडेचारशे कुठून आले? गेल्या वर्षी तो कंत्राटदार येऊन गेला, त्याला नुसतं दहा गुंठे सांगितल्यावर चारशे-सव्वाचारशे म्हणाला होता.

काका : त्याने जागा चौरस धरली. एक गुंठा म्हणजे तेहेतीस बाय तेहेतीस, १,०८९ चौरस फूट. दहा गुंठे १०,८९०. चौरस असती तर एक बाजू साधारण एकशे साडेचार फूट आणि घेर ४१८. आपली जागा रस्त्याला ६६ फूट आणि आत १६५ फूट आहे. क्षेत्रफळ तेच, घेर ४६२. आणि भावकीत पट्टे पाडून वाटण्या झालेल्या असतात तशी ३३ बाय ३३० असती, तर घेर गेला असता ७२६ फुटांवर. सातबारावर तिन्ही जागा दहाच गुंठे. म्हणून गुंठ्यांवरून कुंपणाचा अंदाज सांगणाऱ्या माणसाला मी दारातूनच परत पाठवतो.

आई : मग फुटावरून सांगणाऱ्याला का नाही पाठवत?

काका : म्हणजे?

आई : तुमच्या नऊशे रुपयांत रस्त्याकडचा फूट आणि पऱ्याकडचा फूट एकाच भावाचा आहे. ट्रक रस्त्यावर थांबणार. तिथून पऱ्यापर्यंत चिरा कोण नेणार? डोक्यावरून न्यावा लागतो. तुमच्याच भाषेत त्याला काहीतरी म्हणतात.

काका : लीड. बरोबर आहे. उंचावर चढवायचं असलं तर लिफ्ट. सरकारी दरसूचीत दोन्ही वेगळे धरतात. पण खासगी कामात कंत्राटदार सरासरी काढतो. पुढचं सोपं, मागचं अवघड, मिळून नऊशे.

आई : म्हणजे पुढचं मला महाग पडतं, कारण मागचं अवघड आहे. आणि मागे मला भिंत नकोच असेल तर?

माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथेच होता, पण तेव्हा तो कोणाच्या लक्षात आला नाही. काकांनी खिशातून पेन काढलं आणि ते आईला भिंतीचा हिशेब समजावायला बसले. तो मी मुद्दाम देतो आहे, कारण ‘फुटाला नऊशे’च्या पोटात काय असतं हे आपण सहसा उघडून पाहत नाही.

काका : चिरा चौदा बाय सात इंचांचा धरा, खाणीखाणीप्रमाणे माप थोडं हलतं. सांधा धरून पंधरा बाय आठ. चौरस फुटाला जवळजवळ सव्वा चिरा लागतो. साडेचारशे गुणिले चार म्हणजे अठराशे चौरस फूट, त्याला एकवीसशे-बावीसशे चिरे जमिनीच्या वरचेच. तुटफूट वेगळी. पोचवून समजा पंचेचाळीस रुपये नग, तर लाखभर चिऱ्यातच गेले. खाली पाया दीड फूट रुंद, दीड फूट खोल. हजार घनफूट खोदाई, म्हणजे दहा ब्रास. त्यात रबल, वर सिमेंट-वाळू, गवंडी, बिगारी, कोपिंग, पाणी मारणं.

आई : खोदाई मातीत की कातळात?

काका : (थांबून) कातळ कुठे आहे?

आई : पूर्वेच्या अंगाला हातभर मातीखाली सगळा कातळच. फणस लावताना पहार वाजली होती. तुमच्या भावाने तिथे सुरुंगाची भाषा केली होती, मी फणसाची जागा बदलली.

काका : मग तिथे पायाचं खोदकाम कमी लागेल. कातळावरच बैठक मिळते. पण जाळीचे खांब रोवायचे म्हटले तर उलटं, प्रत्येक खड्ड्याला ब्रेकर लावावा लागेल. ‘कठीण खडक लागल्यास वेगळा दर’ ही ओळ कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असते, तिच्यावर कितीतरी बिलं दुप्पट झालेली मी पाहिली आहेत.

आई : तुम्ही मंजूर केलेली?

काका : (दुर्लक्ष करून) तारेची जाळी घालायची तर तोही हिशेब सांगतो. लोक इथेच फसतात. कोटेशनमध्ये ‘चेनलिंक जाळी, पाच फूट, चौरस फुटाला इतके’ असं लिहिलेलं असतं. गेज लिहिलेला नसतो. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटर, बारा गेजची दोन पूर्णांक चौसष्ट. गेज वाढला की तार बारीक होते, हेच अर्ध्या लोकांना माहीत नसतं. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण वजन जाडीच्या वर्गाने जातं, दहाची तार बाराच्या दीडपट जड. साडेचारशे फुटांना तीन इंची आळ्यांची पाच फुटी जाळी दहा गेजची घेतली तर पावणेचारशे किलोच्या वर भरेल. बारा गेजची अडीचशेच्या आसपास. म्हणजे कागदावर एक आकडा लिहायचा राहिला की सव्वाशे किलो लोखंड गायब.

आई : मग किलोवर घ्यावी.

काका : किलोवर घ्यावी, आणि आळ्याचं माप, गेज, गॅल्वनायझिंग लिहून घ्यावं. समुद्र इथून फार लांब नाही. नुसत्या पॉलिश तारेला तीन पावसाळ्यांत तांबेरा धरतो. आता खांब. दहा फुटांवर एक, साडेचारशे फुटांना किती?

आई : पंचेचाळीस.

काका : कुंपण कुठे तुटत नसेल तर पंचेचाळीस. आपल्याकडे गेटपाशी तुटतं, म्हणून एक जास्त, शेहेचाळीस. कंत्राटदारही शेहेचाळीसच लिहितो. पण खड्डे किती? जाळी ताणली की कोपऱ्यातला खांब आत ओढला जातो, त्याला दोन बाजूंनी तिरके टेकू लागतात. चार कोपऱ्यांचे आठ. गेटच्या दोन बाजूंना एकेक. एकशेपासष्ट फूट एका दमात ताणता येत नाही, म्हणून लांब बाजूंना मधे एक ताणखांब, त्याचे दोन-दोन टेकू. झाले चौदा. प्रत्येक टेकूचा पायही काँक्रीटमध्ये. म्हणजे साठ खड्डे. फूट बाय फूट बाय दीड फूट, नव्वद घनफूट काँक्रीट, सोळा पोती सिमेंट. ज्याच्या कोटेशनमध्ये टेकूच नाहीत त्याचं कोटेशन स्वस्त दिसणारच. दुसऱ्या वर्षी जाळी झोळीसारखी लोंबते.

आई : सिमेंट आता स्वस्त झालं म्हणे.

काका : २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला, म्हणजे त्याआधीचं कोटेशन फिरवून घ्यायला हवं. पण सोळा पोत्यांत असा किती फरक पडणार? माणसं सिमेंटच्या भावावर घासाघीस करतात कारण तो भाव त्यांना माहीत असतो. खरा पैसा लोखंडात आणि मजुरीत असतो, त्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही.

इथपर्यंत आई निमूट ऐकत होती. तिने वहीत ‘गेज’, ‘टेकू’, ‘कठीण खडक’ असे तीन शब्द लिहून घेतले आणि मग पहिल्यांदा स्वतःचा मुद्दा काढला.

आई : भाऊजी, तुम्ही सगळं मोजलंत. कुंपण कोणासाठी घालायचं ते विचारलं नाहीत.

काका : कोणासाठी म्हणजे? जागा राखायला.

आई : कोणापासून? रस्त्याच्या बाजूने मोकाट गुरं येतात आणि अनोळखी माणसं येतात. पूर्वेला शेजारी आहेत, त्यांच्या शेळ्या येतात, माणसं आली तर मीच चहा टाकते. पश्चिमेला पाखाडी आहे, ती आपल्या जागेच्या चार-पाच फूट खाली. तिथून वर कोणी चढत नाही, आपलंच कोणी खाली पडू नये एवढंच हवं. मागे पऱ्या आणि पलीकडे रान, तिकडून रानडुकरं येतात. आणि माकडं चारही बाजूंनी येतात, त्यांना तुमची चार फुटांची भिंत बसायला बरी. म्हणजे चार बाजूंची चार दुखणी, आणि तुम्ही एकच औषध लिहून देताय.

काका : एकसारखं काम स्वस्त पडतं. चार तऱ्हा केल्या की चार गवंडी, चार बोलाचाली.

आई : पश्चिमेला भिंत घातली तर ती स्वस्त राहील?

काका गप्प झाले, आणि मग अभियंता म्हणून त्यांना खरं बोलावं लागलं.

काका : नाही. तिथे आपली जमीन वर आणि पाखाडी खाली. कडेला भिंत बांधली की पावसात मागची माती तिच्यावर रेलणार. मग ती कुंपणाची भिंत राहत नाही, ती मातीला धरणारी संरक्षक भिंत होते. खाली रुंद, वर निमुळती, पाण्याच्या निचऱ्याला ठरावीक अंतरावर भोकं, मागे दगडांचा भराव. खर्च दुपटीच्या पुढे. आणि साधी कंपाउंडची भिंत त्या कामाला लावली तर काय होतं ते २०१९च्या पावसाळ्यात सगळ्यांनी पाहिलं. आठवड्याच्या आत पुण्यात कोंढव्याला आणि मुंबईत मालाडला भिंती कोसळल्या, झोपलेली माणसं गेली. आपल्या खाली पाखाडीवरून शाळेची पोरं जातात.

आई : तिथे जाळीच बरी. पाणी अडवत नाही आणि वजनही नाही.

काका : जाळी. कडेपासून तीन फूट आत. फुटाला अडीचशेच्या घरात बसेल. एकशेपासष्ट फुटांचे एक्केचाळीस हजार.

आई : बघा, एका बाजूचे एक लाख वाचले.

काका : वाचले म्हणू नका. आधी हद्द ठरू दे. कुंपणाच्या अंदाजपत्रकातली पहिली ओळ मोजणीची. तुम्ही ती धरलेलीच नाही.

आई : पूर्वेला गडगा आहे की. सासऱ्यांच्या वडिलांनी घातलेला.

काका : गडगा हद्दीवरच घातला होता याला पुरावा काय? भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करू. द्रुतगतीचे पैसे भरू, वेळ वाचेल. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, सर्वेअर येतो, खुणा दाखवतो, ‘क’ प्रत मिळते. त्या खुणांवर दगड रोवायचे आणि मग दोरी धरायची. उलट क्रमाने केलं तर चार लाखांची भिंत तीन फूट सरकवायला लागते, आणि भिंत सरकत नाही, ती पाडून पुन्हा बांधतात.

आई : शेजाऱ्यांना नोटीस गेली की ते म्हणणार, एवढी वर्षं अडलं नाही, आता सरकारी माणूस कशाला?

काका : आधी तोंडाने सांगा आणि मग नोटीस जाऊ दे. पण मोजणी कराच. संबंध चांगले असतानाच मोजणी करावी, बिघडल्यावर ती करून उपयोग नसतो.

या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूने आहे. कोकणात सातबारावर डझनभर सामाईक नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही वरच गेलेली. ज्याला आपण आपला कोपरा म्हणतो तो नेमका कुठे संपतो, हे माहीत असलेला म्हातारा गावात असतो तोवर चालतं. आईलाही ते कळत होतं. तिने ‘मोजणी’ हा शब्द वहीत सगळ्यांच्या वर लिहिला. पण तिच्याकडेही एक ओळ होती जी काकांच्या कागदावर नव्हती.

आई : पूर्वेच्या कोपऱ्यातून पऱ्याकडे वाट आहे. शेजारच्या तीन घरांतल्या बायका त्या वाटेने धुणं घेऊन जायच्या. आता धुणं कमी झालं, पण गणपती विसर्जनाला तिथूनच जातात.

काका : ती आपल्या जागेतून जाते. बंद करायची.

आई : माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे.

काका : मग तर जपूनच. सुविधाधिकाराचा १८८२चा कायदा आहे. वीस वर्षं उघडपणे, अखंड, हक्काने वहिवाट असेल तर तो हक्क होऊन बसतो. आज नाही बंद केली तर...

आई : वीस वर्षं कधीच होऊन गेली, भाऊजी. आता बंद केली तर दावा. तारखेला राजापूर, वकील, दोन्ही बाजूंच्या साक्षी. तो खर्च फुटाला किती धरायचा? त्यापेक्षा तिथे बेडं ठेवू.

(बेडं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : दोन दगडी खांबांना समोरासमोर भोकं असतात आणि त्यांत आडवे बांबू सरकवलेले असतात. माणूस बांबू सरकवून जातो आणि मागे पुन्हा सरकवतो. गुरांना ते जमत नाही. बिजागरी, कडी, कुलूप यांपैकी त्यात काहीच नसतं, त्यामुळे गंजायलाही काही नसतं.)

काका : बेडं ठेवा. पण शेळ्यांचं काय? तुमचा गडगा शंभरेक फूट ढासळलाय.

आई : तो पुन्हा रचायचा. दगड तिथेच पडलेत, विकत काही आणायचं नाही. कातळात खड्डे नकोत, सिमेंट नको. गडगा रचणारा गवंडी आणि एक गडी दिवसाला दहा फूट करतात.

काका : दहा दिवस. जोडीची मजुरी समजा सतराशे. सतरा हजार. पण सिमेंटशिवाय रचलेला गडगा दर चार वर्षांनी कुठे ना कुठे बसणार.

आई : बसेल तिथे दोन दगड उचलून ठेवायचे. तुमची भिंत तडकली की दोन दगडांत भागत नाही.

दुसऱ्या दिवशी पऱ्याकडच्या बाजूचा विषय निघाला. तिथे पूर्वी दर वर्षी पाऊस संपला की वई घालायचे. रानातल्या काटेरी फांद्या तोडून आणायच्या आणि मेढींना बांधायच्या. काकांना वाटलं आई पुन्हा तीच सुचवणार. तिने त्याऐवजी इतिहासाचा तास घेतला.

आई : इंग्रजांनी मिठाच्या करासाठी देशाच्या मधोमध काटेरी कुंपण घातलं होतं, माहीत आहे?

काका : वहिनी, आपल्याला सहासष्ट फूट घालायचंय.

आई : ऐका तर. पंजाबपासून ओरिसापर्यंत जकातीची रेषा होती आणि तिच्यावर शेकडो मैल कुंपण. ॲलन ह्यूम, पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच, १८६७ ते १८७० त्या खात्याचे आयुक्त होते. सुरुवातीला सुक्या काट्यांचं कुंपण होतं. ह्यूमनी हिशेब काढला : एका मैलाला अडीचशे टन काटेरी फांद्या लागतात, त्या पाव मैलापासून सहा मैलांपर्यंत लांबून वाहून आणाव्या लागतात. आणि वाळवी, आग, वादळ यांत दर वर्षी जवळजवळ निम्मं कुंपण नव्याने घालायला लागतं.

काका : (कागदावर आकडे मांडत) मैलाला अडीचशे टन म्हणजे फुटाला अठ्ठेचाळीस किलो. आणि लीड सहा मैलांचं! मग हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. फुकटच्या काट्यांचं कुंपण सगळ्यांत महाग.

आई : सुक्या काट्यांचं. म्हणून ते जिवंत कुंपणाकडे वळले. लावलं, वाढवलं, मग नुसतं छाटायचं. १८७९ साली ती रेषाच मोडीत काढली, ते वेगळं. आपण वई घालायचीच नाही, लावायची. कोयनेलाच्या काड्या फुटाफुटावर, दोन ओळी. सहासष्ट फुटांना दीडशे काड्या पुरे, त्या शाळेच्या कुंपणावरून मिळतील. मधे गिरिपुष्पाच्या मेढी, त्या रुजतात आणि पाला खताला होतो. बाहेरच्या अंगाला सागरगोटा आणि चिल्हार. त्यांच्या काट्यांतून डुक्कर घुसत नाही.

काका : पहिल्या वर्षी कशातूनही घुसतं. दाट व्हायला तीन पावसाळे जातील. तोवर खांब आणि काटेरी तारेचे तीन पदर हवेत. आठ हजार धरा.

आई : धरले.

काका : आणि कोणी सुचवलं तरी घरातला करंट तारेत सोडू नका. डुक्कर मरायच्या आधी माणूस मरतं आणि आपण तुरुंगात जातो. सौर कुंपण घ्यायचं तर त्याच्या झटका देणाऱ्या यंत्राचा डबा वेगळा येतो, पण तारेखालचं गवत महिन्याला कापावं लागतं. पावसात त्याहून लवकर.

मग त्यांनी नवा कागद घेतला आणि बाजू वेगवेगळ्या लिहिल्या. समोर ६६ फुटांतून बारा फूट गेटचे वजा करून ५४ फूट चिऱ्याची भिंत, त्याच नऊशेच्या दराने ४८,६००. पूर्वेला गडगा १७,०००. पश्चिमेला जाळी ४१,२५०. मागे तार आणि वई ८,०००. बेरीज १,१४,८५०. गेटचे दोन्हीकडे सारखेच चाळीस हजार धरले, म्हणजे एका बाजूला दीड लाखाच्या थोडं वर आणि दुसऱ्या बाजूला साडेचार लाखांच्या थोडं खाली. आईने आकड्यांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं नाही. काकांना मात्र हे इतक्यावर सोडवेना.

काका : वहिनी, हा पहिल्या वर्षाचा खर्च झाला. अंदाजपत्रक म्हणजे पहिल्या वर्षाचं बिल नव्हे. वई दोनदा छाटायची, गडगा बसला तिथे रचायचा, अँगलना दर तिसऱ्या वर्षी रंग. वर्षाला सहा हजार तरी धरा. वीस वर्षांचे एक लाख वीस, तेही आजच्या मजुरीने.

आई : धरून पावणेतीन लाख. तरी तुमच्यापेक्षा कमी.

काका : पैशांत कमी. पण ते सहा हजार खर्च करायला इथे माणूस लागतं. गडी बोलवायला, तो आला नाही तर पुन्हा बोलवायला, त्याच्यावर उभं राहायला. आज तुम्ही आहात. वाडीतली किती घरं उघडी आहेत, मोजा. मी पुण्यात, ही पोरं मुंबईत. उद्या घराला कुलूप लागलं तर तुमची वई वर्षात रान होईल आणि गडग्यावर वेल चढतील. भिंत मात्र कोणी नसलं तरी उभी राहते. मी भिंतीचे जे तीन लाख जास्त सांगतोय ते आपल्या न येण्याचे आहेत.

यावर मला काही बोलता आलं नाही. काकांनी त्यांच्या परीने सगळ्यांत प्रामाणिक दर तोच सांगितला होता. गावी न राहणारा माणूस भिंत बांधतो. मुंबईकरांच्या बंद घरांभोवतीची चिऱ्याची उंच कंपाउंडं वाडीवाडीत दिसतात, ती काही उगीच नाहीत. पण आई इतिहासाची शिक्षिका होती, दुसऱ्याच्या युक्तिवादातली पहिली ओळ ती विसरत नाही.

आई : तुम्हीच म्हणालात, पुन्हा बघायला नको म्हणून भिंत. बघायला कोणी नसेल तर आत राखायचं काय उरतं? आंबे माकडं नेतील, नारळ कोणीही शिडी लावून उतरवेल, चार फूट भिंत काय त्याला अडवते? तुमच्या भिंतीने हद्द राहील. ती तर मोजणीच्या दगडांनीही राहते, आणि दगड रोवायला चार लाख लागत नाहीत.

काका : दगड उपटतात.

आई : ‘क’ प्रत उपटत नाहीत.

काका : (हसून) पूर्वेला शेजाऱ्यांशी बोलणार असाल तर आणखी एक. गडगा हद्दीवर राहणार की आपल्या जागेत? हद्दीवर राहिला तर निम्मा खर्च त्यांनी द्यावा आणि तसं साध्या कागदावर का होईना लिहावं. आपण चारही बाजूंना फूटभर आत सरकलो तर साडेचारशे चौरस फूट जागा बाहेर जाते. जवळजवळ अर्धा गुंठा. त्याची किंमत कुठल्याच कोटेशनमध्ये नसते.

आई : ते सतरा हजारांतले निम्मे देणार नाहीत, पण त्यांचा मुलगा गडगा रचायला येईल. मी विचारलंय.

काका : कधी?

आई : तुम्ही पहिल्या दिवशी नऊशे म्हणालात त्या रात्री.

काकांनी बेरजेखाली ‘अकल्पित, दहा टक्के’ लिहून पंधरा हजार वाढवले, मोजणीची रक्कम वेगळी ठेवली, आणि आकडा एक लाख सत्तर हजारांवर नेला. गेट मात्र ठरलं नाही. काकांना दोन फाळक्यांचं लोखंडी गेट हवं आहे. आईचं म्हणणं, अंगण रस्त्यापासून आत चढत जातं, आत उघडणारा फाळका जमिनीला घासणार. सरकतं गेट घ्यायचं तर भिंतीच्या आतून बारा फूट मोकळी जागा लागते आणि तिथे तिची सोनचाफ्याची ओळ आहे.

आई : समोरच्या भिंतीचं काम देताना एक अट घाला. दहा टक्के पैसे पहिला पावसाळा गेल्यावर.

काका : खासगी कामात असं कोणी ऐकत नाही, वहिनी. ती आमच्या खात्यातली पद्धत.

आई : मागच्या वर्षी येऊन गेलेला तो ऐकेल. त्याला मी फोन केला होता. चौपन्न फुटांचं म्हटल्यावर आधी नको म्हणाला, मग दर साडेनऊशे करून हो म्हणाला.

काका : म्हणजे पन्नास रुपये फुटाला वाढवून त्याने ते दहा टक्के आधीच निम्मे वसूल केले.

आई : निम्मेच ना? लिहा साडेनऊशे.